उलाळ गाडी

उत्तमराव विमान चालवतो याचं उंद्रीत कौतुक फार, समज मात्र बेताचीच. महाराष्ट्र राज्य होऊन पाच-सहा वर्षं झाली होती आणि गावाला अजून एसटीचंच अप्रूप होतं. वर गेल्यावर ऑटोपायलट नावाचं यंत्र लावलं की विमान बराच वेळ तेच चालवतं, असं त्यानं एकदा वडिलांना, उकंडरावांना, सांगितलं. "मंग तुले पगार काहाचा देतेत?" म्हातारा म्हणाला, आणि आठवडाभर पारावर तेच सांगत फिरला.

या खेपेला उत्तमराव रजा म्हणून आला होता. ते अर्धंच खरं होतं. मागल्या महिन्यात वादळी ढगात ते यंत्र अचानक बंद पडलं, विमानाचं नाक वर उचललं गेलं, आणि नाक खाली आणायला हातातला दांडा पुढे लोटायचा सोडून यानं तो छातीशी ओढला. विमान कोसळू लागलं. शेजारच्या कप्तानानं दांडा हिसकून पुढे लोटला म्हणून सगळे वाचले. आता सोमवारी मुंबईत परीक्षा होती. यंत्र बंद, सगळं हातानं. जायचंच नाही, नोकरी सोडायची, असं त्यानं मनाशी ठरवलं होतं. घरी सांगायला जीभ रेटत नव्हती.

उकंडराव कापसाची गाडी घेऊन खामगावला निघाले तेव्हा तोही बसला. बैलांना रस्ता पाठ. उकंडरावांची खोड अशी, की गाडी भरतानाच कापूस मागे रेटून पुढे निजण्यापुरती खोबण ठेवायची, आणि गाव सुटलं की कासरा खुंटाला गुंडाळून ताणून द्यायची. "बैल शहाने हायेत. मी काऊन जागू?" याला कोणी नावं ठेवत नसे, कारण सगळेच तसे जात.

चढ लागला. मागे रेटलेला कापूस आणखी मागे सरकला आणि गाडी उलाळ झाली. मागचं टोक जमिनीकडे, जू वर. मानेखालचे दोर बैलांच्या गळ्यात रुतले. उकंडराव दचकून उठले, आणि उभा जन्म गाडी हाकलेल्या त्या माणसानं कासरा धरून सगळा भार मागे टाकला. उजव्या बैलाचे डोळे पांढरे झाले.

उत्तमरावला ते आपलेच हात वाटले. "बाबा, कासरा सोडा. पुढं या." तो जुवाकडच्या धुऱ्यावर पालथा पडला आणि त्यानं वडिलांना सदऱ्याला धरून पुढे ओढलं. दोघांच्या वजनानं जू खाली आलं. बैल खोकले, मग श्वास घेऊ लागले.

"माह्या हातानं असं काऊन केलं?" उकंडराव खाली उतरून म्हणाले.

तेव्हा उत्तमरावनं विमानाचं सांगितलं. सोमवारचंही सांगितलं. बैलगाडी म्हणजे विमान नव्हे, इथे जमलं म्हणून तिथे जमेल असं नाही, हे त्याला कळत होतं. भीती तसूभर कमी झाली नव्हती.

"मांगं बसलेल्यायले समजलं?" उकंडरावांनी विचारलं.

"नाही. उतरताना मले हात जोडून गेले." हे सांगताना त्याला लाज वाटली.

म्हाताऱ्यानं लोंबता कासरा गोळा केला. "आता मी गाडी हाकू का नको, सांग."

उत्तमराव बैलाच्या गळ्यावरचा वळ चोळत होता. वडिलांचं मन राखणं सोपं होतं. "झोपून हाकायची असंन तं नका हाकू."

"आन जागा राहून?"

हा प्रश्न कुठे नेतो ते त्याला दिसलं.

"जागं राहून हाका. रोज हाका."

"मंग खामगावहून मुंबईले तुही रेल्वे कवा हाये, ते पाह्य," उकंडराव म्हणाले.