नातलगांचा बाक

मी नातलगांचा बाक बोलतोय. ठाण्यात तलावपाळीच्या मागच्या अंगाला एक कौलारू घर आहे, त्याच्या ओटीवर मी असतो. मला बोलायची सवय नाही. शिवाय जे सांगायचं आहे ते मला स्वतःलाच अजून नीट उमगलेलं नाही. म्हणून हळूहळू सांगतो. कुठे गोंधळ झाला तर सांभाळून घ्या.

आधी मी बाक नव्हतो. मी एका मचव्याची फळी होतो. कल्याणच्या खाडीतून मीठ आणि कौलं घेऊन आमचा मचवा हिंडायचा. पुढे आगगाडी आली, माल तिच्यातून जायला लागला आणि मचवा चिखलात पडून राहिला. शेवटी धोंडीबा सुतारानं तो विकत घेऊन मोडला. माझ्यावर रंधा मारला, मला चार पाय लावले आणि म्हणाला, “आता एका जागी गप राहा.” पाय नव्हते तेव्हा मी गावोगाव फिरलो, आणि पाय आले तसा बसलो. हे मला तेव्हाच कळलं नाही. पुढचं तर त्याहून कठीण.

त्या दिवसांत ठाणे, कल्याण, भिवंडी अशा गावांतून गरीब विद्यार्थ्यांना मदत करणारे लहान लहान फंड होते. कोणी पुस्तकं घेऊन देई, कोणी जेवणाचे वार लावून देई, कोणी परीक्षेची फी भरी. हे फंड सांभाळणाऱ्या कारभाऱ्यांनी एकत्र येऊन एक मंडळी काढली. मदत कोणाला द्यायची ते सगळ्यांनी मिळून, नियमानं ठरवायचं. कल्पना अण्णांची. अण्णा म्हणजे कचेरीतून पेन्शनीत निघालेले शिरस्तेदार. त्यांना नियम करायला फार आवडे.

पहिल्याच वर्षी एका सभासदानं आपल्याच भाच्याला मदत मंजूर करून घेतली. अण्णा संतापले. त्यांनी नियम केला, ‘ज्याच्या नातलगाचा अर्ज असेल त्याने सभा सोडून ओटीवरच्या बाकावर जाऊन बसावे, आणि निकाल लागेपर्यंत त्या विषयावर अवाक्षर काढू नये.’

नियम झाला, पण ज्या घरात सभा भरे त्याच्या ओटीवर बाक नव्हता. मग मला आणलं.

तेव्हापासून माझ्यावर फक्त बाहेर काढलेली माणसं बसली. आत काय बोलतात ते मी कधी ऐकलं नाही. बाहेरच्यांनी बोलायचं नाही, म्हणून बाहेरही काही ऐकू आलं नाही. पण लाकडाला माणूस बसण्यावरून कळतो. कोणी माझ्या टोकाशी अर्धवट बसे, म्हणजे मन आतच. कोणी पगडी काढून माझ्यावर ठेवी आणि पुन्हा डोक्यावर घाली, पुन्हा काढी. सगळ्यांची पाठ दाराकडे असे, आणि सगळे पाठीनंच ऐकत.

आज बाहेर बसलेला माणूस पुढच्या सभेला आत जाई, आणि आतला माझ्यावर येऊन बसे. मग खरा कारभारी कोणता आणि नातलग कोणता? मी पुष्कळ विचार केला. लाकडाला जेवढा करता येतो तेवढा.

अण्णांची गोष्ट वेगळी. ते सभेच्या आधीच येऊन माझ्यावर बसत. पूर्वी ते सरळ येऊन बसायचे. पण अलीकडे आधी त्यांचा हात यायचा. तो माझी कड चाचपायचा, मग माणूस बसायचा. अण्णांना दिसेनासं होत चाललं होतं. हे घर आणि ही ओटी पाठ असल्यामुळे मंडळीत कोणाच्या लक्षात आलं नाही. मला कळलं होतं, पण मी कोणाला सांगणार?

अण्णांच्या घरी ते आणि त्यांची सून उत्तरा, एवढीच माणसं. मुलगा तापानं गेला होता. उत्तरा पोरवयातच विधवा झाली, पण ती हुशार. पुण्याला बायकांना शिकवून मास्तरीण करणारी शाळा होती, तिथे तिला जायचं होतं. मंडळीनं मदत दिली तरच जाणं होणार होतं. नाव याच महिन्यात घालायचं होतं. पुढच्या वर्षी वय जास्त झालं म्हणून शाळा तिला घेणार नव्हती.

अर्ज तिच्या मामानं, विश्रामरावांनी, आणून दिला. तेही मंडळीतलेच. सभेच्या दिवशी दोघं माझ्यावर बसले होते.

“घरची सून परगावी ठेवायची?” अण्णा म्हणाले. “लोक काय म्हणतील, विश्रामराव?”

“लोक काय, अण्णा, आज म्हणतात, उद्या जेवून झोपतात. खरं कारण सांगा की.”

“हेच खरं कारण.”

बोलताना त्यांच्या तळव्याला घाम आला होता. तो माझ्यात मुरला.

सभा भरली. उत्तराचं नाव निघताच अण्णा आणि विश्रामराव नियमाप्रमाणे बाहेर येऊन बसले. इथपर्यंत सगळं रोजच्यासारखं होतं. मग तिसरे गृहस्थ बाहेर आले.

“तुम्ही का?” विश्रामरावांनी विचारलं.

“माझ्या साडूच्या मावशीची ती पुतणी लागते.”

“ते कसलं नातं!”

“नियमात कुठे लिहिलंय कितव्या नात्यापर्यंत? विचारा अण्णांना.”

अण्णांकडून ते लिहायचं राहून गेलं होतं. ठाण्यातली जुनी घराणी, पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांत सोयरीक केलेली. चौथे आले, त्यांची विहीणबाई उत्तराच्या आईची आतेबहीण. पाचवे आले. मी भरलो. बाकीचे पायऱ्यांवर बसले. शेवटी अध्यक्ष महिपतराव स्वतः उपरणं सावरत बाहेर आले.

“तुम्हीसुद्धा?”

“बायकोच्या माहेरकडून,” ते ओशाळून म्हणाले. “सरका जरा.”

आत एकच माणूस उरला. मोशे सुभेदार. ते कोकणातल्या ज्यूंच्या बेने इस्राएल समाजाचे, पलटणीतून पेन्शनीवर आलेले. ठाण्यातल्या या सोयरिकींत त्यांचा धागा कुठेच नव्हता. थोड्या वेळानं ते दारात आले.

“अहो, आत मी एकटाच आहे. मीच अध्यक्ष, मीच चिटणीस आणि मीच शिपाई! पलटणीत एकट्याला पहाऱ्यावर उभं करतात. निकाल द्यायला नाही करत. आता मी करू काय?”

कोणी उत्तर देईना. देणार कसे? अवाक्षर काढायचं नव्हतं. महिपतरावांनी नुसतं आभाळाकडे बोट दाखवलं. ते कशाबद्दल होतं ते मला आजही कळलेलं नाही.

तेवढ्यात उत्तरा आली. बरोबर तिची मामी, रंगूबाई. निकाल विचारायला आल्या होत्या. बघतात तर सबंध मंडळी ओटीवर तोंडं मिटून बसलेली.

“अगंबाई! कोणी गेलं की काय?” रंगूबाई म्हणाल्या.

विश्रामरावांनी मानेनंच नाही म्हटलं.

“मग बोला की! घरी तर तोंडाला खीळ नसते.”

सुभेदार हसले. त्यांनी नियम समजावून सांगितला. रंगूबाईंनी पदर सावरला. “मी काही तुमच्या मंडळीत नाही. मी बोलणार. पोरीला जाऊ द्या. झालं माझं.”

“बाई, तिलाच बोलू द्या,” सुभेदार म्हणाले. मग उत्तराला त्यांनी विचारलं, “मुली, तुला जायचंय?”

आजपर्यंत उत्तराला काही विचारलं की उत्तर दुसरंच कोणीतरी देई. सासरे, मामा, नाहीतर मामी. आज सगळे नातलग ओळीनं बसले होते आणि एकालाही बोलायची मुभा नव्हती. तिनं सगळ्यांकडे पाहिलं. कोणीतरी बोलेल म्हणून ती थांबली. कोणी बोललं नाही. मग खांबाला धरून ती हळूच म्हणाली, “हो. जायचंय.”

“काही अडचण?”

“एकच.” तिचा आवाज खाली गेला. “मामंजींना दिसत नाही. रोज सकाळी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी पोथी मी वाचून दाखवते. मी गेले तर कोण वाचेल?”

माझ्यावर बसलेले सगळे एकदम अण्णांकडे वळले. त्या वळण्यानं माझे पाय करकरले. अण्णांची बोटं माझ्या कडेत रुतली. त्यांना बोलायचं होतं. त्यांनी केलेलाच नियम त्यांच्या तोंडावर बसला होता.

मग ते उभे राहिले.

“सुभेदार, मी मंडळी सोडतो.”

“अण्णा!” महिपतराव ओरडले, आणि लगेच त्यांनी तोंडावर हात ठेवला. हा विषय तोच की दुसरा, त्यांना ठरवता येईना.

“सोडतो म्हटल्यापासून माणूस सभासद राहत नाही. नियम माझाच आहे. आता मी या रंगूबाईंसारखा. आता मला बोलता येईल. येईल ना?”

ही मंडळी अण्णांनी उभी केलेली, हे सुभेदारांना ठाऊक होतं. “येईल,” ते म्हणाले.

आता अण्णा तिला अडवणार असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. विश्रामरावांनी तर मान खाली घातली.

“ही खोटं बोलते,” अण्णा म्हणाले. “मला चांगलं दिसतं.”

“मामंजी…”

“तू गप. सुभेदार, माझ्या डोळ्यांचं कारण लावून हिचा अर्ज मागे ठेवू नका. वर्तमानपत्र मी स्वतः वाचतो. हिला सवय लागावी म्हणून हिच्याकडून वाचून घ्यायचो, एवढंच. हिला पाठवा. मला काही अडत नाही. हे बघा, मी माझा घरी चाललो.”

आणि ते निघाले. ताठ, कचेरीत जायचे तसे. मी पाहत होतो. रोज ते ज्या बाजूनं उतरत त्या बाजूच्या पायऱ्यांवर आज माणसं बसली होती, म्हणून ते दुसऱ्या बाजूनं गेले. त्या बाजूला ओटीची कड सरळ खाली तुटलेली होती. सगळ्यांना दिसत होतं. त्यांना सोडून सगळ्यांना. नियम होता, अवाक्षर काढायचं नाही.

“अण्णा, कड!”

सगळी मंडळी एकदम ओरडली. महिपतराव, विश्रामराव, साडूच्या मावशीवाले, सगळे. अण्णांचा पाय हवेतच थांबला. उत्तरा धावली आणि तिनं त्यांचा हात धरला.

सुभेदार महिपतरावांना म्हणाले, “नियम मोडलात.”

“कड हा विषय वेगळा आहे,” अण्णा म्हणाले. त्यांनी मान वळवली नाही. आवाज मात्र ओला होता. “सुभेदार, निकाल द्या. मी वाट बघतोय.”

सुभेदार आत गेले नाहीत. आत जाऊन कोणाला सांगणार? त्यांनी ओटीवरच सांगितलं, “मदत मंजूर. मुलगी पुण्याला जाईल.”

उत्तरानं अण्णांचा हात सोडला नाही. अण्णांनीच तो हळूच सोडवला आणि तिच्या डोक्यावर ठेवला. त्यांना तिथे नेमका हात ठेवता आला नाही. आधी तो तिच्या खांद्यावर पडला, मग वर गेला.

ती गेली. पुढे मंडळीनं नियमात नात्याची मर्यादा घातली. आता चुलतभावापलीकडचं नातं धरत नाहीत, म्हणून माझ्यावर गर्दी होत नाही. अण्णांना त्यांनी परत सभासद व्हायला सांगितलं. ते म्हणाले, “एकदा सोडलं ते सोडलं.” पण रोज सकाळी ते येतात आणि माझ्यावर बसतात. ते सभासद नाहीत, त्यांचा कोणी अर्जदार नाही, त्यांना कोणी बाहेर काढलेलं नाही. मग ते नातलगांच्या बाकावर कोण म्हणून बसतात? मी स्वतःला विचारतो. उत्तर सापडत नाही.

आणखी एक गोष्ट मला कळत नाही. मंडळीतला कोणी ना कोणी रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन येतो आणि अण्णांच्या शेजारी बसतो. “मोठ्यानं वाचल्याशिवाय माझ्या ध्यानात राहत नाही हो,” असं म्हणतो आणि मोठ्यानं वाचायला लागतो. काल महिपतराव आले होते. परवा सुभेदार. सगळ्यांनाच एकदम ही खोड कशी लागली? अण्णा ऐकतात. मधेच म्हणतात, “हे मी आधीच वाचलंय.” वाचणारा म्हणतो, “असं का? तरी वाचतो.” अण्णा म्हणतात, “वाचा.”

पुण्याहून उत्तराचं पत्र आलं की विश्रामराव तेही असंच वाचतात. ते वाचून झाल्यावर अण्णा पुष्कळ वेळ माझ्यावर बसून राहतात.

माझे पाय आता डुगडुगतात. आणखी किती वर्षं या ओटीवर असेन, सांगता येत नाही. म्हणून तुमच्याकडे एक मागणं आहे. कधी तलावपाळीला आलात तर या बाजूला या. माझ्यावर एक म्हातारे गृहस्थ बसलेले असतील. त्यांना दिसतं की नाही ते विचारू नका. हातात जे काही छापील असेल ते घेऊन शेजारी बसा, आणि स्वतःसाठीच वाचतोय असं दाखवून जरा मोठ्यानं वाचा.