डॉक्टरांची डावी

त्या दातांच्या दवाखान्यात डावी म्हणजे उजवी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी थोरल्या डॉक्टरांनीच मदतनीस बाईंना तसं शिकवलं होतं. पेशंटसमोर उभं राहिल्यावर माझ्या डाव्या हाताला दिसते ती डावी, म्हणाले. जगातले दातांचे बाकी सगळे डॉक्टर पेशंटची डावी बाजू धरतात, पण जगाला विचारतो कोण? बाई कार्ड पाहून दात पुकारायच्या, डॉक्टर उपटायचे, आणि एकदाही चूक झाली नाही.

मग थोरल्यांचे चिरंजीव, धाकटे डॉक्टर, शिकून आले. रांगायचे तेव्हापासून ते बाईंना मावशी म्हणत. ते जगाच्या रीतीने शिकलेत हे बाईंना कोणी सांगितलं नाही, आणि घरची रीत त्यांना कोणी सांगितली नाही. दुसऱ्याच आठवड्यात एक शाळामास्तर खुर्चीत बसले. बाईंनी "डावी, खालची, शेवटची" असं पुकारलं. समोर पडद्यावर एक्स-रे होता, पण धाकट्यांनी मान वर केली नाही. किडकी दाढ जागच्या जागी राहिली नि धडधाकट दाढ ताटलीत आली. चोर सोडून संन्याशाला फाशी. मास्तरांनी तक्रार केली, दंत परिषदेची नोटीस आली.

चौकशीच्या आदल्या दिवशी थोरले डॉक्टर बाईंच्या घरी आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच. पोराचा परवाना जाईल, म्हणाले. बाईंनी एवढंच सांगायचं, की दवाखान्यात पहिल्यापासून पेशंटचीच डावी धरतात, त्या दिवशी आपलाच गोंधळ झाला, वय झालं.

"तुमच्यावर कोण कारवाई करणार, बाई? तुमचं जाणार काय?"

हे बाईंना झोंबलं. पंचक्रोशीतल्या प्रत्येक दवाखान्यात म्हणत, त्या बाई चुकत नाहीत. त्यांच्याकडे जाण्यासारखं होतं ते एवढंच. तरी त्या हो म्हणाल्या. मावशी म्हटलं की माणूस पाघळतं.

चौकशीत धाकटे डॉक्टर त्यांना "सदर सहायिका" म्हणाले. मावशी बाहेरच्या बाकावरच राहिली. थोरल्यांनी पढवलेलं सगळं बाईंनी सांगितलं, कारकुनाने टाइप केलं, बाईंनी सही केली. अध्यक्षबाईंनी चष्मा काढून धाकट्यांना विचारलं, एक्स-रे समोर होता का? होता. पाहिलात का? नाही.

"मग यांनी काहीही पुकारलं असतं, तरी काय फरक पडतो? दात कोणता काढायचा ते डॉक्टरने बघायचं असतं."

परवाना सहा महिन्यांसाठी निलंबित झाला. बाईंचं खोटं कवडीच्याही कामाचं ठरलं नाही.

खाली मोटारीपाशी थोरल्या डॉक्टरांनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. चूक कबूल केलेल्या बाईला ठेवलं, तर पेशंट काय म्हणतील?

"ती कबुली तुम्हीच पढवलीत ना, डॉक्टर?"

"ते तुम्हाला नि मला ठाऊक. कागदाला नाही."

बाईंनी धाकट्यांकडे पाहिलं. ते मोबाइलमध्ये डोकं घालून होते. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, एवढंच त्यांच्या मनात आलं. संतापाने त्या तशाच जिना चढून वर गेल्या. कारकून फाइल कपाटात ठेवत होता. मला माझी जबानी बदलायची आहे, मी खोटं बोलले, असं बाई म्हणाल्या.

कारकून माणूस भला होता. त्याने त्यांना बसायला खुर्ची दिली.

"निकालात तुमच्या जबानीचा आधारच घेतलेला नाही, बाई," तो म्हणाला. "ती खरी का खोटी, हे आता कोण कशाला बघणार?"