जोडाच्या आतला रंग

सकाळी साडेदहाला दवाखान्याच्या दोन इमारतींना जोडणाऱ्या नव्या पादचारी पुलावर वाळूच्या पोत्यांची शेवटची रांग रचली गेली आणि बार उडावा तसा आवाज झाला. पूल पडला नाही. कुणाला खरचटलंही नाही. चाचणीसाठी पोती वाहणारे मात्र जीव मुठीत धरून दोन्ही टोकांना पळाले.

खाली उभ्या असलेल्या मुकादमाला आवाजावरूनच कळलं की कुठलातरी जोड सरकलाय. शिडीने वर जाऊन पाहतो तर सरकलं तर कळावं म्हणून मधल्या जोडावर ओढलेली पांढरी रेघ तुटली होती. गर्डरवरचा, म्हणजे लोखंडी तुळईवरचा, अर्धा भाग एकीकडे, तिला जोडणाऱ्या पट्टीवरचा अर्धा दुसरीकडे. मध्ये दोन मिलिमीटरचं अंतर.

मागोमाग इंजिनीअर बाई चढल्या. त्यांनी आधी पोती उतरवून घेतली. अशा जोडात भार बोल्टवर टांगलेला नसतो, हे त्या दोघांनाही ठाऊक होतं. बोल्ट फक्त पट्ट्या एकमेकींवर घट्ट दाबून धरतो, आणि दाबलेल्या लोखंडाचं घर्षण भार पेलतं. घर्षण कमी पडलं की पट्टी सरकते आणि भोकाची कड बोल्टवर आदळते. बाई म्हणाल्या, कारणं दोनच. एकतर आवळणं कमी पडलं, नाहीतर आतले पृष्ठभाग गुळगुळीत आहेत.

"बोल्ट पूर्ण आवळले होते?"

"बघून सांगतो, मॅडम," मुकादम म्हणाला.

खरंतर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. आवळणी त्याने स्वतः उभं राहून करून घेतली होती, प्रत्येक नटवर खूण केली होती, आणि एकही खूण जागची हलली नव्हती. तो खाली उतरला तो सरळ रंगाच्या डब्यांकडे गेला.

तिथे त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ, ब्रश धूत बसला होता. साइटवर त्याला सगळे चकाचक म्हणत. याच्या घरी कढईचं बूडसुद्धा रंगवलेलं असेल, अशी थट्टा चालायची. दोन कामांवरून हाकलल्यावर मुकादमानेच त्याला इथे चिकटवलं होतं. 'माझ्या भावाला सांभाळून घ्या' हे बायकोचं पालुपद तेव्हापासून रोजच्या डब्याबरोबर यायचं.

जोडाच्या पट्ट्या कारखान्यातून आल्या तेव्हा आतली बाजू मुद्दाम खरखरीत, बिनरंगाची ठेवलेली होती. त्या काही दिवस उघड्यावर पडून होत्या.

"आतून रंग लावलास?" मुकादमाने विचारलं.

"गंज चढायला लागला होता, दाजी. तुम्ही त्या दुपारी क्रेन आणायला गेला होतात. मी आपला पातळसा एक हात मारला."

"आत कोण बघणार होतं?"

"मी बघितलं होतं ना."

मुकादमाला हसू आलं नाही आणि रागही आला नाही. किती पट्ट्यांना, असं त्याने विचारलं. चकाचकने मान खाजवली. सगळ्या नाही, गंजलेल्या तेवढ्याच. कुठल्या ते आता कसं सांगणार?

जोड बारा होते. बोल्ट ढिले होते म्हटलं, तर संध्याकाळपर्यंत पुन्हा आवळून विषय संपला असता. बोलणी पाना चालवणाऱ्या चौघांना बसली असती, मेहुण्याची भाकरी शाबूत राहिली असती. मग जोड रोज थोडा मागे, थोडा पुढे सरकत बोल्ट खात राहिला असता, आणि त्यावरून स्ट्रेचर ढकलले गेले असते. चकाचक ब्रश झटकत म्हणाला, "ताईला नका सांगू." मुकादम पुन्हा शिडी चढला.

"आवळणी पुरी होती, मॅडम. आत रंग आहे. माझ्या मेहुण्याने लावलाय. कुठल्या कुठल्या जोडात, ते त्यालाही आठवत नाही."

खाली टेकू देऊन बाराही जोड एकेक करून उघडायला बाईंनी सांगितलं. रंगाऱ्याचं काय करायचं ते नंतर बघू, म्हणाल्या.

मधला जोड उघडला तेव्हा आत करडा रंग निघाला, अगदी एकसारखा, कुठेही ओघळ नाही. सरकल्याच्या जागी तेवढा आरशासारखा घासला गेला होता. पाना धरलेला एकजण म्हणाला की काम मात्र झकास केलंय, आणि कुणीच हसलं नाही. दुसरा जोड कोरडा, खरखरीत निघाला. तिसराही.

दुपारी चारला चौथ्या जोडाचे बोल्ट निघाले होते. पट्टी अजून सुटायची होती. पाचर चकाचकने धरली होती, घण मुकादमाच्या हातात होता. त्याच्या खिशातला फोन दुसऱ्यांदा वाजत होता. घरून.