काशीला निघालेली स्कूटर

आमच्या तांड्याचं समाजघर इतकं थंड आहे, की मे महिन्यात आतल्या पाली ऊन खायला बाहेर येतात. खोटं वाटत असेल तर या, दाखवतो. फक्त त्या दिवशी पाली गावाला गेलेल्या नसल्या म्हणजे झालं. दाबलेल्या मातीच्या विटा, चुन्याचा गिलावा, छतावर सोलरच्या पाट्या. त्या पाट्यांवर आधी आतली पिठाची चक्की चालते आणि उरलेल्या विजेवर ओट्यावरच्या पॉइंटला गाड्या चार्ज होतात. वीज उरते एका गाडीपुरती. गाड्या पाच.

मग आधी कोणी लावायची? आमचा नाईक खेमसिंग, त्याने वाडवडिलांचा नियम काढला. बैलांवर धान्य-मीठ लादून आमचे लोक मुलूख फिरत, तेव्हा ज्याला सर्वांत लांब जायचं त्याचे बैल पाणवठ्यावर आधी पाणी पीत. तोच नियम विजेला.

दुसऱ्या दिवसापासून अख्खा तांडा लांब निघाला. आर्णीच्या पुढे कधी न गेलेला किसनसिंग म्हणाला, नागपूर. बादल म्हणाला, हैदराबाद. मी आपला नम्र माणूस, सुरतेवर थांबलो. माझी स्कूटर सत्तर किलोमीटरात धापा टाकते. पण चार दिवस पॉइंट माझ्याकडेच राहिला.

खरं बोलायची ती एकटी संगीता, माझ्या चुलतभावाची सून. तांड्यातल्या चार पोरींना ती आपल्या ई-रिक्षात मारेगावच्या कॉलेजात नेते-आणते. "मारेगाव" म्हटलं की तिचा नंबर शेवटचा. परवा संध्याकाळी रिक्षा अर्ध्या रस्त्यात बसली, पोरी चालत आल्या. पोरींच्या बापांनी बजावलं, उद्या चारला गेटवर दिसली नाहीस तर डिझेलची रिक्षा लावतो.

काल सकाळी पोरींना सोडून ती आली, तेव्हा बॅटरीत जेमतेम दहा टक्के जीव होता.

"कुठवर?" खेमसिंगने विचारलं.

"मारेगाव."

"अन् तू, रामसिंग?"

"काशी," मी म्हणालो. रोज थोडं पुढे सरकावं लागतं, नाहीतर माणसाची पत जाते.

संगीता हसली. "वा काका! काशीले चालले अन् घरात सांगतलं बी नाही? माह्या सासूची लय दिवसाची इच्छा हाय. थे बसते ना तुमच्या मागं."

बघता बघता तिची सासू, मानीबाई वहिनी, बोचकं घेऊन हजर. मागोमाग बाया कुंकवाची वाटी घेऊन आल्या, कोणीतरी डफ काढला. आमच्याकडे यात्रेकरूला वेशीपर्यंत वाजवत पोचवतात, आणि दिवस कलेपर्यंत त्याने मागे फिरायचं नसतं.

"काल फिरून सगळी उतरली, जराशी चार्ज तर होऊ द्या," मी म्हणालो.

"शुभ कामाले उशीर कायले?" खेमसिंग म्हणाला. तो हसत नव्हता, हे जास्त वाईट. माझी स्कूटर निघाली, लांबचं गाव सांगायला मग कोणी धजेना आणि पॉइंटला संगीताची रिक्षा लागली.

वेशीपासून दोन किलोमीटरवर, नाल्यापाशी, स्कूटरने मान टाकली.

"हेच का काशी?" मानीबाईने विचारलं.

"काशीचं अलीकडचं टोक."

"गंगेत बकऱ्या पाणी पिऊन राह्यल्या वाट्टे."

 पळसाखाली बसून आम्ही तिच्या बोचक्यातल्या दशम्या खाल्ल्या. बाई चार धाम करायच्या तयारीने आली होती.

साडेतीनच्या आत रिक्षा आली, पोट भरलेल्या म्हशीसारखी निवांत.

"बसा, काका," संगीता म्हणाली. एवढंच.

चारला दोन मिनिटं कमी असताना आम्ही कॉलेजच्या गेटवर. किसनसिंग डिझेलवाल्याला घेऊन आधीच उभा होता. त्याची मुलगी रंजिता याच कॉलेजात आहे. त्याने घड्याळ पाहिलं, रिक्षा पाहिली, मला पाहिलं आणि डिझेलवाल्याला हातानेच जा म्हटलं. पोरी दाटीवाटीने मागे बसल्या. रंजिताने आपलं दप्तर न विचारता माझ्या मांडीवर ठेवलं.

परतीच्या रस्त्यावर संगीताने मान न वळवता विचारलं, "उद्या कुठवर, काका?"

"घरापासून ओट्यापर्यंत," मी म्हणालो. "पाच पावलं."

"बारा हायेत," मागून मानीबाई म्हणाली. "मोजले हायेत म्या."