उकळणारं तेल

सभागृहात मुंगीलाही शिरायला जागा नव्हती. मंचावर शेगडी, शेगडीवर कढई आणि कढईमागे तेलमहाराज. तेल खदखदत होतं. महाराजांनी त्यात मनगटापर्यंत हात बुडवला, बाहेर काढला आणि हसले. लोकांच्या डोळ्यांना धारा लागल्या. अक्कल त्यांनी चपलांबरोबर दाराशीच काढून ठेवली होती.

"हे अक्षय तेल!" महाराज गरजले. "शंभरदा उकळा, बाधत नाही! यातलं तळण खा, काळीज घोड्याचं होईल. गोळ्या द्या फेकून!"

पहिल्या रांगेतल्या शिंप्याने मान डोलावली. वर्षापूर्वी त्याला हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. आता त्याने गोळ्या बंद केल्या होत्या आणि रोज तळलेलं हाणत होता, तेही त्याच त्या काळ्याकुट्ट तेलात. शेजारी त्याची थोरली बहीण बसली होती. ती शाळेत विज्ञान शिकवायची. त्याला समजावून तिचा घसा बसला होता. "ताई, आधी उकळत्या तेलात हात घालून दाखव, मग बोल," एवढंच त्याचं उत्तर.

उकळतं तेल! त्या शब्दावरच तिचं डोकं अडलं होतं. पाणी उकळतं. स्वयंपाकघरातलं तेल तापतं, धुरावतं, प्रसंगी पेटतं, उकळत नाही. मग हे बुडबुडे कसले? आणि 'शुद्धी'च्या नावाखाली हा बुवा आधी कढईत एवढी लिंबं कशाला पिळतो?

घरून चिरून आणलेली बटाट्याची चकती पर्समधून काढून ती सरळ मंचावर चढली.

"महाराज, ही एक चकती तळते हं."

"शंकेखोराचं तळण करपतं, बाई!"

"करपू दे की. मीच खाईन."

चकती तेलात पडली. ना चुरचुर, ना रंग. तिने ती झाऱ्याने उचलून सगळ्यांना दाखवली. पांढरीफटक, कच्ची.

"लिंबाचा रस जड, तो तळाशी बसतो. आच लागली की तो आधी उकळतो, त्याचे बुडबुडे वर येतात. वरचं तेल नुसतं कोमट! थांबा, शेगडी चालूच ठेवू."

रस तडतडून आटला. बुडबुडे थांबले, तेल गुळगुळीत झालं आणि त्यातून निळसर धूर निघू लागला.

"आता घाला हात."

महाराजांना नेमकी तेव्हाच समाधी लागली. मागून कुणीतरी फिस्सकन हसलं.

"हा धूर बघा," ती लोकांकडे वळली. "धूर निघेपर्यंत तापवलेलं तेल खराब होतं. तेच पुन्हा पुन्हा तापवलं तर त्यात घातक द्रव्यं वाढत जातात, आणि ती हृदयाला बाधतात. कुठल्याही मंत्राने ती निघत नाहीत. बेताच्या आचेवर रांधा, उरलेल्या तेलात परत परत तळू नका. आणि गोळ्या बंद करायच्या की नाही, ते डॉक्टरांना विचारा. या भोंदूला काय विचारता?"

शिंपी तणतणत तिच्यामागे बाहेर आला. "चारचौघांत मला मूर्ख ठरवलंस, ताई!"

तिने त्याचा दंड घट्ट धरला. "मूर्ख ठरलास ना? ठरू दे. जिवंत मूर्खाला शहाणं होता येतं. चल दवाखान्यात."