टॉवेलांच्या कपाटातला हंडा

मी हंडा बोलतोय. स्टीलचा, खाली तोटी असलेला, तीस लिटर पोटाचा. कुणी विचारलेलं नसताना बोलतोय, कारण आयर्लंडमधल्या या किलफॅडा गावात माझ्याविषयी बरंच बोललं गेलंय. त्यातलं निम्मं खोटं आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल मलाही खात्री नाही.

संशयी स्वभाव मला चहाने दिला. चर्चच्या सभागृहात मी बावीस वर्षं चहा उकळला. आमच्याकडे माणूस गेलं की दफनानंतर सगळं गाव चहा-सँडविचला तिथे जमतं. डोळे पुसता पुसता लोक किती जण आलेत ते मोजतात, हॅमचा तुकडा जाड आहे की कागदासारखा ते पाव उचलून बघतात, आणि माझ्यापुढे येऊन चहा ओतणाऱ्या बाईला हळूच विचारतात, "ताजा आहे ना गं? की मघाचाच पाणी घालून वाढवलाय?" बावीस वर्षं हे ऐकल्यावर कुणाचाही माणसांवरचा विश्वास उडेल. माझा उडाला.

मॅलॅकीला मी पहिल्यांदा पाहिलं ते अशाच एका चहाला. त्याच्याच सासूच्या दफनाच्या. तो दारात आला तेव्हाच धड उभा नव्हता. रांग मोडून पुढे आला, कुणाशी तरी बोलायला वळला आणि टेबलासकट माझ्यावर आदळला. चहा फरशीभर, सँडविचं पायाखाली, माझी तोटी वाकडी. त्याची बायको नूला पुढे आली. तिने फडकं आणलं आणि आईला पुरलं त्याच दिवशी, काळ्या कपड्यांत, गुडघ्यांवर बसून फरशी पुसली. घरी गेल्यावर तिने त्याला काय ऐकवलं ते पुढच्या चहाला भांडी विसळणाऱ्या बायकांकडून मला कळलं. "आणखी एक थेंब घेतलास तर डॅडींना घेऊन मी हे घर सोडेन. हे मी पुन्हा सांगणार नाही."

पुढच्याच रविवारी मॅलॅकीने कायमची दारू सोडल्याची शपथ घेतली आणि कोटाला न पिणाऱ्यांचा बिल्ला लावला. या गोष्टीला अकरा वर्षं झाली.

मधल्या काळात सभागृहात विजेवरचा नवा हंडा आला. मला रंगमंचाखाली ढकललं गेलं. तिथे जुने पडदे होते आणि उंदीर होते. एवढ्या वर्षांत कुणी चौकशी केली नाही. ज्या बायका माझ्याशिवाय पान हलत नाही म्हणायच्या, त्यांनीही नाही. गेल्या एप्रिलमध्ये जुन्या वस्तूंच्या बाजारात मला मांडलं आणि माझी वाकडी तोटी हातात धरून जो माणूस बराच वेळ उभा राहिला, तो मॅलॅकी होता. मला काखोटीला मारून तो घरी निघाला. मला वाटलं, याच्या मनात काहीतरी आहे. होतंच.

घरी चुलीपाशी त्याचा सासरा बसलेला असायचा. थेडी, वय सत्त्याऐंशी, पायातला जोर गेलेला पण जिभेतला शाबूत. चौरस्त्यावरचा पब हिवाळ्यात कायमचा बंद झाला आणि थेडीचा रोजचा एक ग्लास काळा स्टाउट तुटला. दुकानातला डबाबंद स्टाउट तो तोंडाला लावायला तयार नव्हता.

"डबा मटारांसाठी असतो," तो म्हणायचा. "बिअरसाठी नाही."

"मग मी करून देतो घरी," मॅलॅकी म्हणाला. "तयार पाक मिळतो, पाणी घातलं की झालं."

"पाक खोकल्यावर घेतात, जावईबापू. स्टाउट धान्याचा होतो. आख्ख्या धान्याचा. जमत असेल तर कर, नाहीतर मला सुखाने तहानलेला मरू दे."

नूला भांडी घासत होती. तिचा हात थांबला. "तू करणार? दारू?"

"डॅडींसाठी. मी चाखणारसुद्धा नाही."

"हं," नूला म्हणाली. त्या एका 'हं'मध्ये काय काय होतं ते मला समजलं, कारण तेच माझ्याही मनात होतं.

मॅलॅकीचं शिक्षण वाचनालयातल्या एका पुस्तकावर झालं. मोड आणून वाळवलेले जव, त्यात थोडे चपटे केलेले, आणि रंगासाठी मूठभर कोळशासारखे काळे भाजलेले. हे भरडलेलं धान्य कापडी पिशवीत भरून गरम पाण्यात तासभर मुरवायचं, म्हणजे त्यातली साखर पाण्यात उतरते. पाणी हात भाजेल इतकं हवं, पण उकळता कामा नये. मला घोंगडीत गुंडाळून तो शेजारी बसला आणि दर पाच मिनिटांनी झाकण उघडून उष्णता बघू लागला. इतकं बघितल्यावर उष्णता जाणार नाही तर काय होईल? पण याची नोकरी आयुष्यभर दूधसंघात दूध तपासण्याची. कुठल्या शेतकऱ्याने पाणी घातलंय याचा रोज सकाळपासून संशय घेत बसायचा. असा माणूस साध्या हंड्यावर कसा विश्वास ठेवणार?

एवढ्यात नूला आली. "ही पिशवी कसली?"

"उशीची जुनी खोळ. विणकाम जाळीदार होतं, म्हटलं पाणी छान निथळेल."

"मॅलॅकी, ती लेस आहे! माझ्या लग्नातली खोळ आहे ती!"

"मागे पडली होती गं."

"जपून ठेवली होती! जपलेली वस्तू मागेच असते!"

थेडी चुलीपाशी खो खो हसला. त्या खोळीचा रंग आता कायमचा चहासारखा झालाय.

मग खोळ पिळून काढून, हॉप्सची कडवट फुलं घालून मला तासभर उकळलं, बाथटबातल्या गार पाण्यात बसवलं आणि निवल्यावर यीस्ट टाकलं. इथे मॅलॅकीने अशी एक चूक केली, की जी आमच्याच लोकांकडून व्हावी. आमच्या घरांत गरम पाण्याच्या टाकीभोवती एक कपाट असतं. त्याच्या उबेत टॉवेल, चादरी, आतले कपडे कोरडे राहतात. पुस्तकात लिहिलं होतं, हंडा उबदार, अंधाऱ्या जागी ठेवा. मॅलॅकीने मला त्या कपाटात, नेमकं घडी घातलेल्या शर्टांखाली ठेवलं.

तिसऱ्या दिवसापासून माझ्या पोटात फसफस सुरू झाली आणि झाकणाच्या फटीतून येणारा वास वरच्या कपड्यांत शिरू लागला. मला दिसत होतं. पण सांगणार कसं?

मॅलॅकीला मात्र वेगळीच शंका. आंबतंय की नाही? पुस्तकात म्हटलं होतं, दूध तपासतात तसली काचेची कांडी नमुन्यात सोडून बघा, साखर आंबत जाईल तसा तिच्यावरचा आकडा उतरतो, आणि नमुना पुन्हा हंड्यात ओतू नका, नाहीतर सगळं नासेल. दहा-बारा दिवसांत एकदा तपासलं तरी पुरे, असंही म्हटलं होतं. या गृहस्थाने सकाळ-संध्याकाळ तपासायला घेतलं. तोटी उकळत्या पाण्याने धुवायची, पाव लिटर काढायचं, कांडी सोडायची, वहीत आकडा लिहायचा. मग तो पाव लिटर कोटाखाली लपवून मागच्या दाराने बाहेर जायचं. थेडीने पाहिलं तर "दे इकडे" म्हणेल, म्हणून लपवणं. बाहेर त्याचं तो काय करायचा, ते मला दिसत नव्हतं. मला एकच माहीत होतं, की भरलेला ग्लास घेऊन जायचा आणि रिकामा घेऊन यायचा. खोटं कशाला सांगू, मला खात्रीच होती. सासूच्या चहाला मी त्याला पाहिलेलं होतं.

नूलानेही त्याला पाहिलं, स्वयंपाकघराच्या खिडकीतून. तो बाहेर गेल्यावर कपाट उघडून तिने माझं झाकण उचललं आणि कोबी ढवळायच्या लाकडी चमच्याचा दांडा माझ्यात बुडवला. ओल जिथवर आली तिथे नखाने खूण केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. खूण रोज थोडी खाली. चमचा ती फडक्याला पुसायची. मी आतून ओरडत होतो, बाई, तो उकळून तरी घे! फडक्याचे नि कोबीचे सगळे जंतू माझ्यात चाललेत! पण हंड्याचं ओरडणं कोण ऐकतो?

रविवारी प्रार्थनेहून दोघं परत आली ती एकामागोमाग एक, बारा पावलांचं अंतर ठेवून. नूलाने दार आपटलं.

"शेजारची पेगी पुढच्या बाकावरून मागे वळून हुंगत होती. दोनदा! तुझ्याकडे बघून!"

"पेगी सगळ्यांनाच हुंगते."

"तुझ्या शर्टाला स्टाउटचा वास येतोय, मॅलॅकी. आणि हंडा दोन बोटं खाली गेलाय."

मॅलॅकीने कोट काढला नाही. बिल्ला तसाच चमकत होता.

"तुला वाटतं मी प्यालो," तो म्हणाला.

"मी दिसेल ते सांगतेय."

"चल माझ्याबरोबर."

तो तिला परसात घेऊन गेला. जाताना दारं उघडी राहिली, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं. कोबीच्या वाफ्यात त्याने आठ-दहा बशा पुरून ठेवल्या होत्या, काठापर्यंत. आमच्याकडे बिनशंखाच्या गोगलगाई कोबीची चाळण करतात, आणि त्यांना बिअरचा मोह अनावर. प्रत्येक बशीत दहा-वीस बुडून मेलेल्या.

"प्यायल्या त्या ह्या," मॅलॅकी म्हणाला. "आणि शर्टाचं म्हणशील, तर स्वतःचा ब्लाउज हुंगून बघ. तोही त्याच कपाटातला आहे. पेगी कुणाकडे बघत होती ते तिलाच विचार."

मग नूलाच्या नाकाने श्वास ओढल्याचा आवाज आला, आणि त्यानंतर, "अरे देवा."

मला वाटलं, संपलं. माझाही चेहरा पडला होता, तेवढं मान्य करतो. पण खरी गोष्ट पुढेच होती.

दोन दिवसांनी मॅलॅकीने ग्लास भरला आणि नूलापुढे धरला. "आकडा खाली यायचा थांबलाय. तयार झाली असावी. पण चव मला घेता येणार नाही. तू घे."

तिने घोट घेतला. तिचा चेहरा बघूनच तो समजला.

"आंबट?"

"व्हिनेगरसारखी."

मॅलॅकी स्टुलावर बसला. "सगळं उकळून घेतलं होतं. तोटी दर वेळी धुतली. यीस्ट टाकल्यावर झाकण तर एकदाही काढलं नाही. तरीही घाण गेलीच. मला एकही काम धड जमत नाही, नूला. डॅडींना सांग, मटारांचा डबाच आणतो."

ती गप्प राहिली असती तर कुणाला काही कळलं नसतं. तिच्याशिवाय एकट्या मला माहीत होतं, आणि मी कुणाला सांगणार होतो? मी तिच्याकडे बघत होतो. ती गप्पच राहणार, अशी मी मनातल्या मनात पैज लावली होती.

"झाकण मी काढलं," नूला म्हणाली. "रोज. चमचा घालून मोजत होते."

मॅलॅकीने वर पाहिलं. "कुठला चमचा?"

"कोबीचा."

"किती दिवस?"

"पाच. ओरड माझ्यावर. वीस लिटर नासवलं मी. तू खरं सांगत होतास आणि मी चोरासारखी मापं घेत होते."

तो ओरडला नाही. ग्लास तिच्या हातातून घेतला, खाली ठेवला.

"मोजायला तुला मीच शिकवलं. पीत होतो तेव्हा," तो म्हणाला.

मग दोघांनी मला उचलून परसात नेलं आणि सगळं गटारात ओतलं. नूला रडत होती. मॅलॅकीने मला सोड्याने दोनदा घासलं, माझ्यावर कसला तरी राग काढावा इतकं. मलाही काही ओतून टाकावंसं वाटत होतं.

हे जूनमधलं दुसऱ्या खेपेचं धान्य. आता टॉवेल दुसऱ्या खोलीत गेलेत. पहिला आठवडा कपाटाकडे कुणी फिरकलं नाही. मी धसकलो. मला पुन्हा विसरले, पुन्हा रंगमंचाखालचे दिवस आले, असं वाटलं. नवव्या दिवशी दारापाशी मॅलॅकीची पावलं थांबली. तो तसाच उभा राहिला आणि परत गेला. संध्याकाळी नूलाची पावलं आली. तीही परत गेली. झाकण उचलायला कुणी आलं नाही. अंधारात एकट्याने मुरत राहणं किती अवघड असतं ते त्या दिवसांत कळलं. तुमच्या घरी कुठे काही मुरत ठेवलं असेल, तर कृपा करून त्याला त्याचे दिवस द्या. आतल्याला फार भीती वाटते हो, पण तरी द्या.

आज दुपारी दोघं आली. मॅलॅकीने तोटी धुतली, ग्लास भरला. काळाभोर, वर बदामी फेस. नूलाने घोट घेतला, डोळे मिटले, आणखी एक घेतला.

"कशी आहे?"

"डॅडी शिव्या द्यायला काहीतरी शोधतील," ती म्हणाली. "पण सापडणार नाही."

"अगं ए! मला ऐकू येतंय!" थेडी चुलीजवळून ओरडला. "आणता का कुणी, की मी रांगत येऊ?"

नूला ग्लास घेऊन निघाली. कपाटापाशी राहिलो मी, पोटात वीस लिटर ताजा स्टाउट असलेला, आणि हातात दुसरा रिकामा ग्लास असलेला मॅलॅकी. मी नूलाकडे बघत होतो. आता ती मागे वळणार, खोलीचं दार उघडं ठेवून जाणार, निदान एकदा खांद्यावरून बघणार.

तिने जाताना दार लावून घेतलं.