दसऱ्याचं पहिलं चलन

लिंबायतला आमचा कापड विणायच्या लूमचा कारखाना. ऑफिसात कॉम्प्युटर, अन् ते सांभाळणारी माझी सून हर्षदा. दलालांच्या फ्लॉपीतून व्हायरस यायचे, मशीन सारखं आजारी पडायचं. म्हणून पोरीने विंडोज काढून टाकलं अन् मासिकासोबत आलेल्या सीडीतलं लिनक्स घातलं. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. चौथीत शाळा सुटली माझी. पण माणूस कळतो.

माझा लेक वाल्मिक मात्र फणफणला. "दसऱ्याच्या पूजेनंतर मालासोबत द्यायचं पहिलं चलन ह्यातून छापून निघालं तर ठीक. नाही तर जुनं परत टाकू, अन् तू घर सांभाळ."

"घर सांभाळायला मी मेले का?" मी म्हटलं.

दसऱ्याला यंत्रं थांबवून पुजायची, ही आमची रीत. मुकादम भटूने नेहमीसारखा मेन स्विच खाली ओढला. लूम थांबले, अन् चालू कॉम्प्युटरही फटकन मेला.

"भटूकाका, आधी मला बंद तर करू द्यायचा!" हर्षदा ओरडली.

"लूमला कोण विचारतं, ताई?"

मी कुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. वीज आली, तर पडद्यावर नुसत्या पांढऱ्या ओळी धावायला लागल्या.

"गेलं! सांगितलं होतं ना?" वाल्मिकचा हात बटणाकडे गेला.

हर्षदाचा चेहरा झेंडूहून पिवळा. "हात लावू नका. मधेच वीज गेली म्हणून ते स्वतःला तपासतंय. आता बंद केलं तर खरंच जाईल."

मी खुर्ची ओढली अन् बटणाच्या आड बसले. मला ओलांडणारा ह्या घरात अजून जन्मायचाय.

"माय, ऊठ ना."

"धागा तुटला तर लूम भंगारात देतोस का रे? कारागीर गाठ मारेपर्यंत थांबतोस ना? मग इथंही थांब. तोवर पेढे वाट."

त्याने तोंड पाडून पेढे वाटले. पेढे संपले, ओळी संपेनात. हर्षदा नखं खात होती. माझ्या वाटचा पेढा तिच्या तोंडात कोंबला.

मग ओळी थांबल्या. हर्षदाने भराभरा काहीतरी टाइप केलं. प्रिंटर करकरला, चलन बाहेर आलं.

वाल्मिकने ते कापड पारखावं तसं उजेडात धरलं. शाबासकी द्यायला त्याची जीभ कधी वळली नाही, बापावर गेलाय. नुसतं म्हणाला, "भटू, यापुढे हर्षदाला विचारल्याशिवाय मेन ओढायचा नाही."

मी उठले. "बस ग तुझ्या खुर्चीत," म्हटलं. "गरम करून ठेवलीय."